वयाच्या रकान्यात छत्तीस

मी आधी स्लाइड बघते, फॉर्म नंतर. शिकत असताना लागलेली सवय आहे. फॉर्मवरचं 'अमुक आजार आहे का?' आधी वाचलं की डोळे तेवढंच शोधत बसतात आणि बाकीचं नजरेतून निसटतं. त्या सकाळी ट्रेमध्ये दोन रुग्णांच्या स्नायूंच्या बायोप्सी होत्या. दोन्ही फॉर्म पालथे ठेवून मी पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

कॉक्स आणि एसडीएच या दोन एन्झाइमांची एकावर एक केलेली रंगक्रिया. तपकिरी तंतूंच्या गर्दीत निळे तंतू विखुरलेले, एका नजरेच्या टप्प्यात सात-आठ. मनात म्हटलं, सत्तरीच्या पुढचं माणूस असणार, आणि त्या वयालाही हे जरा जास्तच आहे. दुसरी स्लाइड लावली. इथे निळा तंतू शोधावा लागला. पूर्ण काप फिरून आल्यावर चार सापडले. हे कुणीतरी तरुण, असं धरून मी फॉर्म उलटे केले.

पहिला फॉर्म: स्त्री, वय ३६. दुसरा: पुरुष, वय ७१.

पोटात गोळा आला. नमुन्यांची अदलाबदल, दुसरं काही सुचेचना. आमच्या कामात यापेक्षा मोठं पाप नाही. चुकीचा रिपोर्ट निदान चुकीचा म्हणून पकडला तरी जातो. बदललेल्या नमुन्याचा रिपोर्ट अगदी बरोबर असतो, फक्त माणूस दुसरा असतो.

निळ्या-तपकिरीची भानगड सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांत, एका साखळीतून हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होतं. त्या शेवटच्या टप्प्यावर कॉक्स बसलेलं असतं. एसडीएच त्याच्या आधी येतं. मायटोकाँड्रियाला स्वतःचा छोटा डीएनए असतो, गोल, १६,५६९ अक्षरांचा, एकूण ३७ जनुकांचा. त्याची संपूर्ण अक्षरमाळ १९८१ मध्ये वाचून झाली. कॉक्सच्या गाभ्यातली तीन प्रथिनं या छोट्या डीएनएवरून बनतात. एसडीएचचं मात्र सगळं सामान पेशीच्या केंद्रकातून येतं. त्यामुळे एखाद्या तंतूतला मायटोकाँड्रियाचा डीएनए बिघडला की कॉक्स बंद पडतं आणि एसडीएच चालू राहतं. कॉक्सचा रंग तपकिरी, एसडीएचचा निळा. तपकिरी चढलाच नाही तर खालून निळा उठून दिसतो. बरेचदा तो नेहमीपेक्षा गडद असतो, कारण ऊर्जा कमी पडते म्हणून तो तंतू आणखी मायटोकाँड्रिया बनवत सुटतो, आणि ते सगळे त्याच बिघडलेल्या डीएनएचे. मला ही रंगक्रिया फार आवडते. मायटोकाँड्रिया बिघडलेला एखादा तंतू शेजारच्या चांगल्या तंतूला चिकटून उभा आहे, हे इतकं ढळढळीत दुसरी कुठलीच तपासणी दाखवत नाही.

असे निळे तंतू वय वाढेल तसे प्रत्येकाच्या स्नायूत थोडेफार दिसू लागतात. म्हणून मोजणी करायची आणि ती वयाच्या रकान्याशी ताडून पाहायची. पन्नाशीच्या आत शंभरात दोनापेक्षा जास्त निघाले तर गंभीरपणे घ्यायचं, पन्नाशीनंतर पाचापेक्षा जास्त. त्या स्त्रीच्या कापात मी ६१२ तंतू मोजले, त्यांतले ७१ निळे. शंभरात जवळजवळ बारा.

आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञांना सगळी लॅब दादा म्हणते. त्यांना बोलावलं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, एका वेळी एकच नमुना टेबलावर घेतो मी. पहिला गोठवून डबीत बंद केल्याशिवाय दुसऱ्याची पुडी सोडत नाही." त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण विश्वास रिपोर्टवर लिहिता येत नाही.

स्नायूचा नमुना गोठवणं हे हातातलं कसब आहे आणि त्याची किंमत फार थोड्यांना कळते. शस्त्रक्रियागृहातून तुकडा सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या गॉझमध्ये यायला हवा. नुसत्या सलाइनमध्ये पोहत आला तर पाणी पिऊन फुगतो. तंतू उभे राहतील अशा बेताने तो गोंदाच्या ठिपक्यावर, कॉर्कच्या चकतीवर बसवायचा. मग आयसोपेंटेनचं भांडं द्रव नायट्रोजनमध्ये धरायचं. थोड्या वेळाने आयसोपेंटेन तळाशी पांढरं होऊन गोठायला लागतं, म्हणजे उणे १६० अंशांच्या आसपास आलं. तो क्षण साधायचा, तुकडा बुडवायचा आणि दहा-पंधरा सेकंद हलवत राहायचं. थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला तर तुकड्याभोवती वाफेचं कवच तयार होतं, थंडी आत हळू शिरते आणि तेवढ्यात तंतूंमध्ये बर्फाचे स्फटिक वाढतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली नुसती चाळण दिसते. असल्या चाळणीवर 'आजार असू शकतो' असे रिपोर्ट लिहिलेले मी पाहिलेत. दादांच्या हातच्या ब्लॉकमध्ये इतक्या वर्षांत मी बर्फाचं भोक पाहिलेलं नाही.

आणि इतकं सगळं असूनही चारातला एक नमुना आमच्याकडे फॉर्मालिनमध्ये बुडवून येतो. फॉर्मालिनमध्ये एन्झाइम मरतं. एकदा मेलं की कॉक्स नाही, एसडीएच नाही, काहीच नाही. रुग्णाच्या मांडीवर टाके पडलेले असतात आणि आम्ही लिहितो, 'तपासणीस अयोग्य'. मी सूचनांची तक्ती करून पाठवली, फोन केले, शस्त्रक्रियागृहात जाऊन उभी राहिले. नवीन माणूस आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्या दिवशी मात्र माझी सुटका फॉर्मालिनमुळेच झाली. दोन्ही रुग्णांचा एकेक छोटा तुकडा साध्या तपासणीसाठी फॉर्मालिनमध्ये वेगळा आला होता. त्या बाटल्यांवर नाव शस्त्रक्रियागृहातच चिकटवलेलं, आमच्या टेबलाशी त्यांचा संबंध नाही. ७१ वर्षांच्या गृहस्थांच्या पायात अशक्तपणा होता आणि कमरेतली नस दबल्याची शंका होती. नस गेली की तिच्यावर चालणारे तंतू वाळतात, कोनाकोनाचे होतात आणि घोळक्याने दिसतात. त्यांच्या नावाच्या फॉर्मालिनच्या तुकड्यात तसे घोळके स्पष्ट होते. मग त्यांच्या नावाचा गोठवलेला काप पुन्हा लावला. तिथेही तेच घोळके. तिच्या दोन्ही तुकड्यांत मात्र एकही नाही. तोपर्यंत दादांनी दोन्ही ब्लॉकवरून नवे काप काढून रंगक्रिया पहिल्यापासून केली होती. दुपारी तीनला नव्या स्लाइड हातात आल्या आणि चित्र सकाळचंच होतं.

अदलाबदल झाली नव्हती. क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की छत्तीस वर्षांच्या बाईच्या मांडीत खरोखरच इतके निळे तंतू आहेत.

तेव्हा कुठे मी तिचा फॉर्म नीट वाचला. थकवा, पापण्या जड, जिना चढताना मांड्या भरून येतात, अर्धशिशी, दोन वर्षं. मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आणि पापण्या पाडणाऱ्या आजाराची, तपासणी निगेटिव्ह. थोडं चालल्यावर रक्तातलं लॅक्टेट वाढलेलं, म्हणजे स्नायूला ऑक्सिजन मिळतोय पण वापरता येत नाहीये. आधीच्या कागदांवर दोन ठिकाणी 'मानसिक ताण' असं निदान होतं. थकलेल्या बाईच्या कागदावर हे दोन शब्द किती पटकन उमटतात! तिच्या पापण्या दोन वर्षं खाली येत होत्या आणि जुने फोटो काढून ताडून पाहावेत, एवढंही कुणाला सुचलं नव्हतं. औषधांच्या यादीत शेवटची ओळ: अर्धशिशीसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट, पुढच्या आठवड्यापासून.

ती ओळ वाचून मी फोन उचलला. पापण्या खाली येणं आणि असे विखुरलेले निळे तंतू हे चित्र ज्या बिघाडांत दिसतं, त्यांतला एक पोलजी नावाच्या जनुकाचा आहे. मायटोकाँड्रियाच्या डीएनएची नक्कल काढणारं एन्झाइम या जनुकावरून बनतं. हा बिघाड असलेल्या माणसाला व्हॅल्प्रोएट दिलं तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. तरुण बाईला अर्धशिशीसाठी हे औषध देताना तसाही दहादा विचार करायला हवा, गर्भाला त्याचा धोका असतो म्हणून. पलीकडचे डॉक्टर आधी वैतागले. "अहो, तुमचा रिपोर्ट तरी पुरा होऊ द्या." मी म्हटलं, "रिपोर्टला चार दिवस लागतील, जनुकाच्या तपासणीला काही आठवडे. औषध तेवढं थांबवा." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "थांबवतो." पॅथॉलॉजिस्टने असा फोन करायचा नसतो, रिपोर्ट लिहून मोकळं व्हायचं असतं, असं मानणारे सहकारी मला आहेत. मला ते पटत नाही.

जनुकाचा अहवाल आला. पोलजीच्या दोन्ही प्रतींत दोष. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

एरवी रुग्ण आमच्यापर्यंत येत नाहीत. ती स्लाइड घ्यायला आली, दुसरीकडे दाखवायच्या होत्या म्हणून. पापण्या वर राहाव्यात म्हणून तिने हनुवटी उचलून धरलेली. बोलताना कपाळाचे स्नायू भुवया वर ओढत होते. इतके दिवस मी तिच्या मांडीचा सहा मिलिमीटरचा तुकडा पाहत होते, पूर्ण माणूस पहिल्यांदाच समोर आलं. तिला पहिली चिंता आईची. मायटोकाँड्रिया आईकडून येतात, असं तिने वाचलं होतं. "आईला कळलं तर ती स्वतःलाच दोष देत बसेल हो." मी समजावलं की मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो हे खरं, पण त्याची नक्कल काढणारं हे जनुक केंद्रकात बसलेलं आहे आणि त्याच्या दोन प्रती आई-वडील दोघांकडून आल्या आहेत. दोघंही धडधाकट, कुणाचाच दोष नाही. हे ऐकून तिचे खांदे सैल झाले.

मग तिने पिशवीतून बाटल्या काढल्या. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, को-एन्झाइम क्यू-टेन, कसला तरी अर्क. सगळ्यांवर 'अँटिऑक्सिडंट', आणि एकावर पेशींचं वय रोखण्याचा दावा. दीड वर्षं न चुकता घेत होती. म्हणाली, "मला सांगितलं होतं की पेशी आतून गंजतात आणि या गोळ्या गंज थांबवतात." आणि मग, हनुवटी तशीच वर धरून, "डॉक्टर, म्हणजे मी आतून म्हातारी झालेय का?"

मी म्हटलं, "नाही." लगेच, ठामपणे. तिला त्या क्षणी तेच हवं होतं आणि मलाही. पण संध्याकाळपासून ते 'नाही' माझ्या मनातून जात नाहीये.

गंजाची कल्पना उगाच आलेली नाही. साखळीतून जाताना थोडे इलेक्ट्रॉन मधेच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड बनतं. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की अशा मुक्त कणांच्या माऱ्याने शरीर हळूहळू झिजतं आणि तेच म्हातारपण. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड निकामी करणारं एन्झाइम दाखवलं. १९७२ मध्ये हार्मन यांनी मायटोकाँड्रियाकडे बोट दाखवलं. मांडणी इतकी साधी आणि पटणारी होती की गोळ्यांचा धंदा तिच्यावर अलगद उभा राहिला. मीही विद्यार्थी असताना ती जशीच्या तशी उत्तरपत्रिकेत उतरवलेली आहे.

पण २००४ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी एक उंदीर तयार केला, नेमका पोलजीत दोष घातलेला. नक्कल काढतानाच्या चुका त्याला दुरुस्त करता येत नाहीत. सुमारे सहा महिन्यांचा होईतो ठीक, मग केस गळतात, पाठ वाकते, हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी पडतं आणि वर्षाच्या आसपास मरतो. पुढच्याच वर्षी त्याच्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे मुक्त कणांचा हा मारा, मोजून पाहिला, आणि तो वाढलेला नव्हता. उंदीर म्हातारा झाला होता, पण गंजला नव्हता. डीएनएच्या नकला चुकत गेल्या आणि ऊर्जा आटत गेली, तेवढ्यानेच तो म्हातारा झाला.

तिच्या स्लाइडवरही हेच आहे. सगळीकडे सारखा गंज चढला असता तर प्रत्येक तंतू थोडा थोडा फिका दिसला असता. इथे एक तंतू पूर्ण निळा आणि त्याला खेटून असलेला पूर्ण तपकिरी. प्रत्येक निळ्या तंतूत कधीतरी डीएनएच्या एका गोलाचा मोठा तुकडा नकलताना गळला. त्या तोकड्या गोलाच्या नकला वाढत गेल्या आणि चांगल्या गोलांना जागा उरली नाही. म्हातारपणी तुमच्या-माझ्या स्नायूत अगदी हेच होतं. तिच्यात नक्कल काढणारं यंत्रच चुकतं, म्हणून ते जास्त तंतूंत आणि तीस-चाळीस वर्षं आधी झालं. या गोळीने तो गळलेला तुकडा परत कसा येणार?

गोळ्या निदान निरुपद्रवी तरी असाव्यात, तर तसंही नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. २००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला, निम्म्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा. घेणाऱ्यांचा नाही. व्यायाम करताना जे थोडे मुक्त कण निघतात, तोच स्नायूला निरोप असतो की मायटोकाँड्रिया वाढव, बचाव वाढव. गोळीने तो निरोपच पुसला. आम्ही ज्याला नुसता कचरा समजत होतो, त्यातून पेशीच्या आत निरोप जात होते. हे कळून इतकी वर्षं झाली तरी बाटल्यांवरचा मजकूर तोच आहे, आणि त्या लिहून देणारे डॉक्टरही. याचा मला मनापासून राग येतो.

तिला मी एवढंच सांगितलं की क्यू-टेनबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण ते शरीरात बनतच नाही अशा एका दुर्मीळ आजारात ते खरं औषध आहे, तुमचा आजार वेगळा आहे. बाकीच्या बाटल्यांबद्दलही त्यांच्याशी बोला. आणि व्यायामाबद्दल विचारा, झेपेल तेवढा, देखरेखीखाली. त्या पोलजीच्या उंदरांना २०११ मध्ये पाच महिने ट्रेडमिलवर पळवलं होतं आणि त्यांचं अकाली म्हातारपण बरंचसं टळलं होतं. उंदरांचं मी तिला सांगितलं नाही. उंदराची आशा माणसाच्या हाती देताना माझी जीभ अडते.

ती गेल्यावर मी तिचा ब्लॉक पुन्हा बाहेर काढला. डीएनएसाठीचा तुकडा आधीच वेगळा ठेवलेला होता, त्यामुळे ऊतक संपण्याची भीती नव्हती. दादांनी क्रायोस्टॅटवर दहा-दहा मायक्रॉनचे काप ओळीने काढले, मी एकेकाला पेन्सिलने क्रमांक घातला. डाव्या कडेला, एका बारीक रक्तवाहिनीला टेकलेला एक गडद निळा तंतू मी निवडला, म्हणजे पुढच्या प्रत्येक कापात तो चुकणार नाही. दहाव्या कापात निळा. तिसाव्यात निळा. पन्नासाव्यात निळा. अठ्ठावन्नाव्यात कडेने किंचित मळकट झाल्यासारखा वाटला, मला वाटलं रंग कमी-जास्त चढला असेल. त्रेसष्टाव्यात अर्धा तपकिरी. सहासष्टाव्या कापात तोच तंतू, तीच रक्तवाहिनी शेजारी, आणि शेजाऱ्यांइतकाच पूर्ण तपकिरी. मिलिमीटरच्या दोन-तृतीयांशात निळा पट्टा संपला होता. तंतू पुढे चांगला होता.

मग त्या ७१ वर्षांच्या गृहस्थांच्या चारांपैकी एका तंतूचा तसाच माग काढला. तोही तसाच, काही अंतर निळा आणि मग पुन्हा तपकिरी. दोघांचे काप शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे मला सांगता येणार नाही. दादांना दाखवले, त्यांनाही आलं नाही.

ती स्लाइड परत करायला येणार आहे. सहासष्ट क्रमांकाची काच मी वेगळ्या खोक्यात ठेवली आहे, तंतूभोवती पेनाने गोल करून.